गोरेंजर : पहिले भाग पुन्हा पाहताना

[पडद्यावर अक्षरं : शनिवार, 5 एप्रिल 1975]

निवेदन :

जपानमधली एक शनिवार संध्याकाळ. सात वाजता टीबीएस वाहिनीवर 'कामेन रायडर' या मुखवटाधारी वीराची नवी मालिका सुरू झाली. ती संपली आणि साडेसातला एनईटी वाहिनीवर दुसरी एक नवीकोरी मालिका सुरू झाली. दोन्हींचा जनक एकच, मांगाकार, म्हणजे जपानी चित्रकथाकार, शोतारो इशिनोमोरी. दोन्ही बनवणारी कंपनीही एकच, तोएई. वाहिन्या मात्र एकमेकींच्या स्पर्धक.

हे आपोआप घडलं नव्हतं. आदल्या शनिवारपर्यंत कामेन रायडर एनईटीवरच दिसत होता. ती मालिका ओसाकाच्या एमबीएस या केंद्राची होती. त्या वसंतात जपानमधल्या वाहिन्यांची फेरमांडणी झाली, एमबीएस एनईटीला सोडून टीबीएसच्या गोटात गेलं आणि जाताना रायडरलाही घेऊन गेलं. एनईटीची शनिवारची साडेसातची वेळ मोकळी पडली. ती भरायला तोएई आणि इशिनोमोरी यांनी एका नायकाच्या जागी पाच जण उभे केले.

मालिकेचं नाव 'हिमित्सु सेन्ताई गोरेंजर'. पुढची दोन वर्षं ती चालली. 26 मार्च 1977 पर्यंत, एकूण 84 भाग.

[दृश्य : शीर्षकगीत. पाच रंग, वाऱ्यावर उडणारे झगे]

आज रंगीबेरंगी पोशाखातले पाच वीर म्हटलं की आपल्याला पुढचं सगळं पाठ असतं. ओळीने उभं राहणं, एकेकाने आपलं नाव पुकारणं, मागे उडणारा धुराचा लोट. गोरेंजरचे सुरुवातीचे भाग पाहताना हे पाठांतर बाजूला ठेवावं लागतं. कारण रंगीत वीरांच्या पथकाच्या, म्हणजे 'सुपर सेन्ताई' घराण्यातली ही सगळ्यात पहिली मालिका, आणि यातल्या कुणालाच पुढचं पाठ नाही. साचा आपल्या डोळ्यांदेखत घडतोय. आणि तो घडतोय एका युद्धकथेतून. हेरकथेतून. मेलेल्या माणसांच्या गोष्टीतून.

पहिल्या भागाची सुरुवातच बघा. 'ईगल' नावाची एक आंतरराष्ट्रीय संरक्षण संघटना आहे. जपानमध्ये तिचे पाच तळ आहेत : होक्काइदो, तोहोकू, कांतो, कान्साई आणि क्यूशू. 'कुरो जूजी गुन', म्हणजे काळ्या क्रूसाची सेना, या पाचही तळांवर हल्ला करते. प्रत्येक ठिकाणी एक मुखवटाधारी राक्षस आणि त्याच्यासोबत काळ्या पोशाखातली शिपायांची फौज. हल्ला संपतो तेव्हा प्रत्येक तळावर एकच माणूस जिवंत उरलेला असतो.

म्हणजे हे पाच जण कुणी निवडून आणलेले नाहीत. चाचणी नाही, भविष्यवाणी नाही, दैवी वरदान नाही. हे उरलेले आहेत. कांतोच्या तळावरचा त्सुयोशी काइजो पुढे लाल रंगाचा, म्हणजे आकारेंजर होतो, पाचांचा म्होरक्या होतो. त्या तळाचा प्रमुख त्याचा थोरला भाऊ होता, आणि तो त्या हल्ल्यात मारला गेला. बाकी चौघांच्याही मागे असाच एकेक उद्ध्वस्त तळ आहे. आपापल्या माणसांत एकटे उरलेले पाच जण, एकमेकांची धड ओळखही नसलेले, एका निरोपावरून एका ठिकाणी येतात. मालिका मुलांची, वेळ संध्याकाळच्या जेवणाची, आणि आरंभ असा.

पहिल्या भागाचे लेखक शोझो उएहारा. ते मूळचे ओकिनावाच्या नाहा शहरातले, 1937 सालचा जन्म. 1945 मध्ये ओकिनावा बेचिराख झालं तेव्हा ते आठ वर्षांचे होते, आणि ते बेट जपानला परत मिळालं 1972 मध्ये, म्हणजे गोरेंजरच्या तीनच वर्षं आधी. एका रात्रीत सगळी माणसं गमावून बसलेल्या तरुणांची गोष्ट अशा लेखकाकडून यावी, याचा मला तरी खोल संबंध वाटतो. शत्रूचं रूपही पाहा. काळ्या क्रूसाच्या सेनेचा सर्वोच्च नेता टोकदार पांढऱ्या टोपडीने तोंड झाकून बसलेला असतो. अवकाशातून आलेला हा कुणी विचित्र प्राणी नव्हे. विसाव्या शतकाने प्रत्यक्ष पाहिलेल्या द्वेषाचाच, अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्या कू क्लक्स क्लानसारखा, हा वेश आहे.

[दृश्य : छोट्या उपाहारगृहाचा दर्शनी भाग. आत काउंटरपलीकडे मध्यमवयीन माणूस]

पाच जण जिथे भेटतात ते ठिकाण म्हणजे 'गोन' नावाचं एक साधंसं उपाहारगृह. मालक गोनपाची एदोगावा. ॲप्रन बांधून गिऱ्हाइकांना खायला घालणारा हाच माणूस ईगलचा जपानमधला प्रमुख आहे. दुकानाखाली गुप्त तळ, आणि दुकानातल्या वाढणाऱ्या मुलीसुद्धा ईगलच्या हेर. साठच्या दशकातल्या हेरपटांचा ठसा इथे स्पष्ट दिसतो : गुप्त संकेत, सूक्ष्म फिल्मी, वेशांतर, शत्रूच्या गोटात शिरणं. दुसऱ्या भागात तर शत्रूच्या किल्ल्यात घुसून तो उडवण्याचीच मोहीम आहे. पोशाख चढवून मारामारी करण्याआधी हे लोक बराच वेळ साध्या कपड्यांत हेरगिरी करतात, आणि मला ते फार आवडतं. आपण आधी माणसं ओळखतो, मग त्यांचे रंग.

रंगांबद्दल थोडं सांगायला हवं. 1975 पर्यंत जपानमधल्या बहुतेक घरांत रंगीत टीव्ही पोचला होता. लाल, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा ही कल्पना त्या पडद्यासाठीच जन्मली. आपल्याकडे तेव्हा मुंबई दूरदर्शनला जेमतेम अडीच वर्षं झाली होती आणि चित्र होतं कृष्णधवल. त्या पडद्यावर हे पाच जण एकमेकांपासून वेगळे ओळखूच आले नसते.

पहिल्या भागाच्या नावातही रंग आहे, लालभडक सूर्याचा. दुसऱ्याच्या नावात निळा किल्ला. रंगांना अजून स्वभाव चिकटलेले नाहीत. ते हळूहळू चिकटतात, आणि त्याचं श्रेय नटांना जातं.

निळा, आओरेंजर, म्हणजे आकिरा शिनमेई. भूमिका हिरोशी मियाउची यांची. दोनच वर्षांपूर्वी ते 'कामेन रायडर व्ही 3' होते, त्यामुळे जपानी मुलांना हा चेहरा चांगला ओळखीचा. एकट्याच्या बळावर मालिका पेलणारा नट इथे दुसऱ्या क्रमांकावर, हातात धनुष्य घेऊन उभा आहे. त्यांच्या उभं राहण्यातच एक ऐट आहे. नाओया माकोतो यांचा आकारेंजर त्यापुढे शांत, जबाबदारीने थोडा वाकलेला वाटतो. दोघांत कुणीही दुसऱ्याला झाकून टाकत नाही. हिरवा केंजी आसुका वयाने सगळ्यात लहान, शस्त्र बूमरँग. सुरुवातीच्या भागांत त्याच्या वाट्याला कमी येतं, हे मान्य करायला हवं.

आणि पिवळा.

[दृश्य : करी-भाताच्या रिकाम्या ताटल्यांची चळत]

दाइता ओइवा. कीरेंजर. क्यूशूचा दणकट गडी, तिकडच्याच बोलीत बोलणारा, ज्युदोत पक्का, आणि 'गोन'मध्ये आला की ताटल्यांवर ताटल्या करी-भात हाणणारा. बाकू हाताकेयामा यांनी ही भूमिका इतकी जीव ओतून केली की पिवळा वीर म्हणजे करी खाणारा, ही समजूत जपानमध्ये पुढची कित्येक वर्षं टिकली. पुढच्या मालिकांतल्या पिवळ्यांचा करीशी फारसा संबंध नसतानाही टिकली.

विनोदी पात्र म्हणून त्याला बाजूला सारणं सोपं आहे. पण पहिला भाग डोक्यात ठेवून त्याचं खाणं बघा. हाही क्यूशूच्या तळावरचा एकटा उरलेला माणूस. तो खातो, हसतो, मोठ्याने बोलतो, आणि त्याच्यामुळे त्या टेबलाभोवती बसलेले पाच अनोळखी लोक एका घरातले वाटू लागतात. मालिका हे कुठेही बोलून दाखवत नाही. कॅमेरा फक्त त्याच्या ताटलीवरून बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर जातो, आणि ते चेहरे सैलावलेले असतात.

मारामाऱ्यांचं सांगायचं तर सुरुवातीच्या भागांत त्या 'ओनो केन्यूकाई' या गटाने बसवल्या आहेत. कामेन रायडरच्या मारामाऱ्याही याच गटाच्या. ही मंडळी मूळची तलवारबाजीची, आणि ते दिसतं : पवित्रा, थांबणं, एका वाराचं वजन. पुढे हे काम सॉनी चिबा यांनी स्थापलेल्या 'जपान ॲक्शन क्लब'कडे गेलं आणि उड्या, कोलांट्या, वेग वाढला. दोन्हीची मजा वेगळी आहे. मला पहिल्या शैलीत धोका जास्त जाणवतो. माळरान, दगडखाण, 16 मिलिमीटरच्या फिल्मचा खरबरीत पोत, आणि 'होइ! होइ!' असं ओरडत चाल करून येणारे काळे शिपाई. संगीत चूमेई वातानाबे यांचं, 'माझिंगर झेड'चे संगीतकार. त्यांच्या तुताऱ्या वाजल्या की पाठ आपोआप ताठ होते.

काही गोष्टी आज खटकतात. तीन-चार भाग सलग पाहिले की कथेची चाकोरी लक्षात येते : मुखवटाधारी राक्षस येतो, गुपित चोरतो, कुणीतरी ओलीस सापडतं. मालिकेलाही ती चाकोरी जाणवली असावी, कारण पुढे तिने सूरच बदलला. चेहऱ्याच्या जागी रेल्वेचं इंजिन असलेला राक्षस आला, बेसबॉल खेळणारा राक्षस आला. मुलांना ते भलतंच आवडलं, आणि जपानमध्ये आजही लोक त्यांचीच आठवण जास्त काढतात. मला स्वतःला ते गंभीर, थोडे खडबडीत पहिले भागच अधिक जवळचे आहेत.

[दृश्य : पेगी मात्सुयामा, कानातल्या डुलाला हात लावताना]

गुलाबी रंगाची पेगी मात्सुयामा, मोमोरेंजर. भूमिका लिसा कोमाकी यांची. पाचांत एकच स्त्री, आणि तिचं काम काय, तर स्फोटकं. तिच्या कानातले डूल म्हणजे बॉम्ब. लढाईत ती कानाला हात लावते, 'ई वा ने? इकु वा यो!' म्हणते, म्हणजे 'तयार ना? हे बघा आलंच!', आणि समोरची रांग उडते. 1975 मधल्या मुलांच्या मालिकेत स्त्री पात्राला सोडवून आणण्यासाठी ठेवलेलं नाही, दारूगोळा तिच्या ताब्यात दिलाय. जपानमध्ये त्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी खेळताना मोमोरेंजर व्हायचा हट्ट धरला असेल, हे सहज पटतं.

गोरेंजरनंतरचा इतिहास मोठा आहे, इथे थोडक्यात. 1977 मध्ये 'जॅकर'. 1979 मध्ये 'बॅटल फीव्हर जे', आणि त्यात पहिल्यांदा वीरांना स्वतःचा महाकाय रोबोट मिळाला. 1992 च्या 'झ्यूरेंजर'मधल्या लढायांची दृश्यं घेऊन, बाकीचा भाग अमेरिकी नटांसह चित्रित करून, 1993 मध्ये 'पॉवर रेंजर्स' झाली. आपल्याकडच्या मुलांनी हिंदीतून पाहिली ती हीच शाखा. 2025 साली या घराण्याची पन्नास वर्षं जपानमध्ये नव्या मालिकेने साजरी झाली.

गंमत अशी की या घराण्याने आपल्या पहिल्या मालिकेला बराच काळ मोजलंच नव्हतं. रोबोट नाही, म्हणून गोरेंजर आणि जॅकर गणतीबाहेर. 1989 मध्ये दहा मालिका झाल्याचा सोहळा झाला तेव्हा मोजणी बॅटल फीव्हरपासून होती. पुढे नव्वदच्या दशकात ही दोन नावं यादीत सर्वांत वर आली.

रोबोट नाही, ही मला या मालिकेची सगळ्यात मोठी ताकद वाटते. रोबोट असला की शेवटचा घाव यंत्र घालतं. गोरेंजरकडे एक उडतं यान आहे, तीन मोटरसायकली आहेत, पण राक्षसाला संपवायला त्यांच्याकडे असतो एक चेंडू. स्फोटक भरलेला चेंडू. या डावाचं नाव 'गोरेंजर स्टॉर्म'.

[दृश्य : गोरेंजर स्टॉर्म, पूर्ण, मूळ आवाजासह]

हा डाव नीट पाहा. एका झटक्यात तो होत नाही. पेगी चेंडू काढते, डावाचं नाव पुकारते आणि तो पुढच्याकडे धाडते. घेणारा आणखी पुढच्याचं नाव घेतो आणि पाठवतो. चेंडू पाचांकडून जातो, आणि शेवटी आकारेंजर त्याला लाथ घालून राक्षसाकडे भिरकावतो. खो-खोत जसा खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, तसं इथे चेंडू आल्याशिवाय कुणालाच काही करता येत नाही. म्होरक्यालाही नाही. लाल रंगवाल्याची लाथ सगळ्यांच्या लक्षात राहते, पण आधीच्या चौघांपैकी एकाचाही हात चुकला तर त्याच्या पायाशी चेंडूच येणार नाही.

पहिल्या भागात हे पाच जण पाच वेगवेगळ्या तळांवर एकेकटे उरले होते. कुणाला हाक मारावी असं माणूस जवळ नव्हतं. आता प्रत्येक लढाईच्या शेवटी ते एकमेकांना हाक मारून चेंडू देतात. पेगीने सुरुवात केल्याशिवाय त्यातलं काहीच होत नाही.