हेगमधला सरंजाम: कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध एकत्र शिकताना

नमस्कार. एवढ्या पावसात एवढी मंडळी आलात, खूप बरं वाटलं. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे.

मला फोनवर विषय सांगितला तो असा की अमेरिकेत लॉ आणि इंटरनॅशनल अफेअर्स अशी जॉइंट डिग्री करतात ती काय असते, कशी करायची, ते मुलांना सांगा. सांगते, फॉर्म फी व्हिसा सगळं सांगते, पण आधी दादरा नगर हवेली, म्हणजे दमणजवळचा, चारी बाजूंनी भारताने वेढलेला जुना पोर्तुगीज मुलूख, त्याच्या कोर्टकेसबद्दल बोलणार आहे, कारण आपण एवढी चार वर्षं कशासाठी घालवतोय हे मला त्या केसमुळे कळलं, तोपर्यंत खरं सांगायचं तर मी नुसती धावत होते.

तिसरं वर्ष होतं. वॉशिंग्टनमध्ये एका सेमिनारला आंतरराष्ट्रीय न्यायालयाची, म्हणजे हेगच्या आयसीजेची एकेक जुनी केस प्रत्येकाने घ्यायची होती. मी पोर्तुगाल विरुद्ध भारत घेतली. आजोबांकडून लहानपणी दादरा नगर हवेलीच्या गोष्टी ऐकलेल्या, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपली माणसं कशी आत शिरली, त्यात सुधीर फडके कसे होते, वगैरे, त्यामुळे वाटलं ही तर आपल्या घरातलीच केस आहे. रात्री लायब्ररीत १९६० चा निकाल उघडून बसले. आणि त्यात चक्क पेशवे निघाले. १७७९ चा पुण्याचा तह, पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यातला, त्याच्या १७ व्या कलमाचा कीस पाडलेला, नंतरच्या सनदांचा कीस पाडलेला, आणि मधेच रोमन लिपीत एक शब्द, सरंजाम. त्या इमारतीत, त्या वेळी, हा शब्द वाचून कोणाच्या तरी पोटात काही हललं असेल तर ती मी एकटीच असणार.

लगेच साताऱ्याला फोन लावला, इकडे सकाळ होती. म्हटलं बाबा, सरंजाम म्हणजे नेमकं काय हो? बाबा म्हणाले, अगं गावाचा महसूल खायचा हक्क, गाव तुझं नाही, गावाचं उत्पन्न तेवढं तुझं, तेही चाकरीच्या बदल्यात, सरकारच्या मनात आलं की काढून घेणार. मी म्हटलं थांबा, हेच परत एकदा सावकाश सांगा, आणि वहीत लिहून घेतलं.

कारण अख्खा वाद तिथेच होता. पोर्तुगालचं म्हणणं, पेशव्यांनी तहाने आम्हाला ही गावं दिली, म्हणजे सार्वभौमत्व दिलं, मग दमणहून तिथे जायचा रस्ताही ओघाने आला, आणि भारताने १९५४ मध्ये तो अडवला. आपलं म्हणणं, पेशव्यांनी दिला तो वर्षाला १२ हजार रुपयांचा महसूल, राज्य नाही दिलं. आपल्या बाजूने ॲटर्नी जनरल सेटलवाड उभे होते, आणि भारताने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश होते एम. सी. छागला, आपल्या मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश. कोर्टाने मराठा काळापुरतं आपलं ऐकलं, म्हणाले की हो, जहागीर किंवा सरंजाम एवढंच दिलेलं दिसतं. पण पुढे इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांना तिथले मालक म्हणूनच वागवलं, आणि सव्वाशे वर्षांच्या वर माणसं, मुलकी अधिकारी, माल यांची ये-जा बिनबोभाट चालू राहिली, म्हणून तेवढ्यापुरता हक्क तयार झाला, ११ विरुद्ध ४ मतांनी. लष्कर आणि हत्यारी पोलीस यांना मात्र तो हक्क नाही, कारण त्यांना परवानगी घ्यावी लागायची. हा मुद्दा ८ विरुद्ध ७ ने, म्हणजे एका मताच्या फरकाने. आणि भारताने कुठलंही बंधन मोडलेलं नाही, ९ विरुद्ध ६.

आता बघा. लॉ स्कूलच्या वर्गात ही केस शिकवतात ती 'दोनच देशांमध्येसुद्धा रूढी, म्हणजे सततच्या वागण्यातून बनलेला नियम, तयार होऊ शकते का' या प्रश्नासाठी. बरोबर आहे, तो मोठा प्रश्न आहे. रस्ता ओलांडून दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इमारतीत गेले की तीच केस वसाहतवाद कसा संपला या कोर्समध्ये येते, तिथे विचारतात की पोर्तुगाल मुळात कोर्टात का गेलं. तर तारखा बघा, १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल युनोचं सदस्य झालं, १९ डिसेंबरला कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं पत्र दिलं, आणि २२ डिसेंबरला आपल्यावर केस ठोकली. तीन दिवसांत! सैन्य पाठवायची सोय नाही कारण वाटेत भारत, म्हणून कागद पाठवला. आणि आपल्या लोकांनी हे विसरलं नाही, १९७४ मध्ये भारताने कोर्टाच्या अधिकाराबद्दल नवीन घोषणापत्र दिलं त्यात एक अट आहे, की समोरच्याने कोर्टाचा अधिकार मान्य करून १२ महिनेही झाले नसतील तर ती केस आम्हाला लागू नाही. एरवी ही ओळ वाचून कोणी थांबणार नाही, नुसती तांत्रिक वाटते, पण १९५५ चे ते तीन दिवस माहीत असले की ती ओळ बोलायला लागते.

आणि निकाल लागून दोन वर्षंही झाली नाहीत तोवर डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, प्रकरण सुरक्षा परिषदेत गेलं, तिथे सरंजाम नाही आणि रूढी नाही, तिथे सोव्हिएत युनियनचा व्हेटो. तेच दोन देश, तोच किनारा, एकदा कोर्टात न्यायाधीशांच्या मतांनी ठरलं आणि एकदा व्हेटोने. एकाच इमारतीत शिकणाऱ्याला यातलं अर्धं दिसतं असं माझं प्रामाणिक मत आहे, मग तो कितीही हुशार असो.

तर आता ती डिग्री. अमेरिकेत वकिलीची पहिली डिग्री म्हणजे जेडी, तीन वर्षं, आणि ती कुठल्या ना कुठल्या पदवीनंतरच करता येते. आंतरराष्ट्रीय संबंधांचं मास्टर्स दोन वर्षं. वेगवेगळं केलं तर पाच. जॉइंटमध्ये काही क्रेडिट्स दोन्हीकडे धरतात, म्हणून बहुतेक ठिकाणी चार वर्षांत होतं. जॉर्जटाउनला आहे, कोलंबियाला आहे, अमेरिकन युनिव्हर्सिटीला आहे, आणि टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या फ्लेचर स्कूलचं हार्वर्ड लॉ स्कूलबरोबर आहे. अर्ज मात्र दोन्हीकडे वेगळा, दोन्हीकडे निवड व्हावी लागते, एकीकडे झाली आणि दुसरीकडे नाही असंही होतं. लॉसाठी एलसॅट ही प्रवेश परीक्षा, बऱ्याच ठिकाणी आता तिच्याऐवजी जीआरई ही परीक्षाही चालते. फ्लेचरसारख्या ठिकाणी दुसऱ्या भाषेचं प्रावीण्यही दाखवावं लागतं, तेव्हा आपल्या भाषा घासूनपुसून ठेवा, हे मी मनापासून सांगते.

पहिलं वर्ष बहुतेक जण पूर्ण लॉचं करतात, काँट्रॅक्ट्स, टॉर्ट्स, सिव्हिल प्रोसिजर, आणि प्रोफेसर नाव घेऊन उभं करतात, अमुक केसमध्ये काय झालं सांगा, मग पुढचा प्रश्न, मग त्याच्या पुढचा. दुसरं वर्ष आंतरराष्ट्रीय संबंधांचं. आणि मग शेवटची दोन वर्षं दोन्हीकडे पळापळ, दोन कॅलेंडरं, दोन ईमेल, परीक्षेच्या तारखा एकावर एक. सगळ्यात अवघड म्हणजे तुमची बॅचच राहत नाही. पहिल्या वर्षाचे मित्र तुमच्या आधी एक वर्ष पास होऊन जातात. लॉ फर्मवाले इंटरव्ह्यूला विचारतात तुम्ही कुठल्या बॅचचे, आणि त्याचं उत्तर द्यायलाच दोन मिनिटं लागतात. मला एका सल्लागारांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की एक काहीतरी निवड, दोन्ही करणाऱ्यांना कोणीच आपलं मानत नाही. त्या दिवशी मी फार खचले होते. आज एवढंच म्हणेन की ते अर्धं खरं होतं, आणि तेवढं अर्धं तुम्ही जायच्या आधीच माहीत करून घ्या.

पैशाचं स्पष्ट बोलते कारण घरचे लोकही बसलेत. नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची नुसती ट्यूशन आज वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. पाचाचं चार झालं म्हणजे एक वर्षाची फी वाचली हे खरं, पण राहिलेली चार वर्षं आहेतच. आमच्याकडे घर तारण ठेवलं होतं. बाबा सही करताना काही बोलले नाहीत, पेन मात्र दोनदा खाली ठेवलं. ते मी विसरलेले नाही आणि घर तारण ठेवणाऱ्या कुठल्याच मुलामुलीने विसरू नये असं मला वाटतं.

दुसरं, नोकरी. अमेरिकेचं फॉरेन सर्व्हिस फक्त अमेरिकन नागरिकांना, वॉशिंग्टनमध्ये शिकलं म्हणून तिथे जाता येत नाही. हे साधं वाक्य पण ते न कळता कर्ज काढलेले लोक मी पाहिलेत. शिकून झाल्यावर कामासाठी ओपीटी नावाच्या परवानगीचे १२ महिने मिळतात, कायद्याच्या डिग्रीला इंजिनिअरांसारखी वाढीव मुदत नाही, मग एच-वन-बी या वर्क व्हिसाची लॉटरी. आणि परत येऊन इथे वकिली करायची तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती डिग्री मान्य केलेली असावी लागते आणि वर त्यांची परीक्षा द्यावी लागते. परराष्ट्र खात्यात जायचं असेल तर यूपीएससी, त्याला जेडी लागत नाही. ज्यांचं आधीच इथलं एलएलबी झालंय त्यांनी एक वर्षाचं एलएलएमही बघावं, पुष्कळांचं त्यात भागतं.

मग जॉइंट कोणी करावं? ज्याचा प्रश्नच दोन्हीकडे सांडतो त्याने. प्रश्न म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते, तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेलं, पाकिस्तानने हेर ठरवून फाशीची शिक्षा सुनावलेले कुलभूषण जाधव.

पण त्याची सुरुवात टेक्सासमध्ये आहे. होसे मेडेयिन नावाचा मेक्सिकन नागरिक, खुनाचा अत्यंत भीषण गुन्हा, फाशीची शिक्षा. अटकेनंतर त्याला कोणी सांगितलं नाही की तुला तुझ्या देशाच्या वकिलातीशी बोलायचा हक्क आहे, जो १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये लिहिलाय. मेक्सिको हेगला गेलं आणि २००४ मध्ये जिंकलं. कोर्टाने सोडा असं नाही म्हटलं, अशा ५१ मेक्सिकन लोकांच्या शिक्षांचं पुनर्विलोकन आणि पुनर्विचार करा म्हटलं, पद्धत तुमची तुम्ही ठरवा. २००५ मध्ये अमेरिका त्या कराराच्या पुरवणी प्रोटोकॉलमधूनच बाहेर पडली, ज्याच्यामुळे असे वाद हेगला जातात. २००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ठरवलं की हेगचा निकाल आमच्या राज्यांच्या कोर्टांना आपोआप लागू होत नाही, काँग्रेसने कायदा करायला हवा. ऑगस्टमध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

हे आम्ही वर्गात वाचलं त्या दिवशी मी लॉच्या बाजूने विचार केला तर पटत होतं, निकाल मुद्देसूद होता. संध्याकाळी दुसऱ्या वर्गात गेले आणि प्रोफेसरांनी एकच विचारलं, उद्या परदेशात अमेरिकन माणूस पकडला गेला तर? वर्ग गप्प झाला.

आणि मग मे २०१७. भारत पाकिस्तानविरुद्ध हेगला गेला, त्याच कलम ३६ खाली, त्याच प्रोटोकॉलच्या आधारावर, कारण भारत आणि पाकिस्तान दोघेही अजून त्यात होते. विचार करा, १९९९ मध्ये विमान पाडल्याच्या प्रकरणात पाकिस्तान हेगला गेलं तेव्हा आपण म्हटलं होतं की या कोर्टाला अधिकारच नाही, आणि कोर्टाने ते मान्य केलं होतं. इथे आपणच दार ठोठावत होतो, आणि दार कुठलं निवडायचं हे ज्याने कोणी दिल्लीत फाइल उघडून शोधलं त्याला करारही माहीत होता आणि शेजारीही. हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली हे सगळ्यांना माहीत आहे. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ ने निकाल लागला. आपण शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती, ती मिळाली नाही. मिळालं काय तर पुनर्विलोकन आणि पुनर्विचार, पद्धत पाकिस्तानने ठरवावी. मेक्सिकोला मिळालेले तेच शब्द! सप्टेंबर २०१९ मध्ये आपले अधिकारी जाधवांना भेटले, २०२१ मध्ये पाकिस्तानने त्यासाठी कायदाही केला. पण ते घरी आलेले नाहीत. निकाल आणि घर यांच्यामधलं हे जे अंतर आहे ना, त्यात काम करणाऱ्या माणसाला दोन्ही लागतं, आणि ते काम करणारी आपल्याकडची माणसं हवीत म्हणून मी एवढ्या तळमळीने बोलतेय.

आता प्रश्न. हो, तुम्ही, निळ्या सॅकवाल्या.

बाहेर न जाता हे शिकता येईल का, असं विचारतायत. बरीच मोठी सुरुवात करता येईल. आयसीजेच्या वेबसाइटवर हे सगळे निकाल फुकट आहेत, दोन्ही बाजूंची जुनी भाषणं, लेखी बाजू, सगळं. आज घरी जाऊन १२ एप्रिल १९६० चा निकाल उघडा, १७७९ च्या तहाचा भाग शोधा आणि सरंजाम शब्द येईल तिथे थांबा. वाचताना घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवा, मोडी वाचणारं कोणी असेल तर फारच छान. आणि काही अडलं तर मला लिहा, मी उत्तर देते, उशीर होईल पण देते.