कात्री, चेक आणि २८ दिवस

मंडळी, हे माझ्या हातात आहे ना, ते १९८१ सालचं एक ब्रिटिश कॉम्प्युटर मासिक आहे, फाउंटनच्या फुटपाथवर मिळालं मला. विकणाऱ्याने आधी भाव सांगितला, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला घेऊन जा, हे कोण वाचणारे. यातलं हे एक पान बघा. खालचा कोपराच नाहीये. उंदराने वगैरे खाल्लेला नाही, कात्रीने कापलाय, सरळ रेषेत. आज मी या भोकाबद्दलच बोलणार आहे.

या पानावर सिंक्लेअर झेडएक्स८१ या घरगुती कॉम्प्युटरची जाहिरात होती. म्हणजे आहे अजून, फक्त ऑर्डर पाठवायचं कूपन गेलंय. क्लाइव्ह सिंक्लेअर हा केंब्रिजचा माणूस, पण त्याची सुरुवात झाली मासिकातून, 'प्रॅक्टिकल वायरलेस'मध्ये नोकरीला होता तो. पुढे स्वतःची कंपनी काढली तीसुद्धा मासिकात जाहिरात द्यायची, लोकांकडून टपालाने ऑर्डर घ्यायची आणि छोट्या रेडिओचे, अ‍ॅम्प्लिफायरचे किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, पाठवायचे अशी. त्यामुळे मासिकाचं पान कसं वाचलं जातं, पोरगं कुठे थांबतं, बाप कुठे किंमत बघतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९८० ला त्याने झेडएक्स८० हा कॉम्प्युटर काढला. तेव्हा कमोडोर पेटसारखं मशीन तिकडे सातशे पौंडांच्या घरात जायचं, आणि हा म्हणतोय ९९ पौंड ९५ पेन्स, स्वतः जोडणार असाल तर ७९.९५. आपल्या बाटाचे ९९ रुपये ९५ पैसे आठवले ना, तोच खेळ! पण शंभराच्या आत हा आकडा म्हणजे नुसती किंमत नव्हती, घरात परवानगी मागताना लागणारं वाक्य होतं ते. आणि जाहिरातीत दावा काय, तर हा कॉम्प्युटर बुद्धिबळ खेळण्यापासून पॉवर स्टेशन चालवण्यापर्यंत काहीही करेल. मेमरी किती? एक केबी, म्हणजे जेमतेम हजारभर अक्षरांची जागा. आता गंमत बघा, कीबोर्डवरचं बटण दाबलं की त्या झेडएक्स८० चा स्क्रीन क्षणभर गायबच व्हायचा, कारण प्रोसेसर एकच, तो बटणाकडे बघणार नाहीतर टीव्हीवर चित्र काढणार, दोन्ही एकदम जमायचं नाही. छापलेल्या फोटोत काही लुकलुकत नाही हा फोटोचा फायदा.

बुद्धिबळाचं मात्र खरं झालं बरं का. पुढे झेडएक्स८१ च्या त्याच एक केबीत डेव्हिड हॉर्न नावाच्या माणसाने ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ बसवलं. कॅसलिंग नाही, प्याद्याचा वजीर होत नाही, पण खेळतं. पॉवर स्टेशनचं अजून कोणी करून दाखवलेलं नाही.

आता हे ८१ चं पान. मशीन मार्चमध्ये आलं, तयार ६९.९५ ला आणि किट ४९.९५ ला. मजकूर किती आहे बघा! आज एवढा मजकूर जाहिरातीत टाकला तर एजन्सीवाले बेशुद्ध पडतील. पण त्यात ती एक ओळ आहे ना, ती मला फार आवडते: साध्या कॉम्प्युटरला चाळीसेक चिप लागायच्या, झेडएक्स८० ने त्या २१ वर आणल्या, झेडएक्स८१ ने ४ वर. स्वस्त का, तर चिप कमी म्हणून, आणि हे खरं होतं, फेरांटी कंपनीच्या एकाच खास चिपमध्ये बाकीच्या बऱ्याच चिपांचं काम कोंबलं होतं. म्हणजे ज्याला चिप म्हणजे काय हे धड माहीत नाही त्या माणसालाही कारण पटतं, आणि आपण मूर्ख नाही, आपल्याला कळतंय, असं वाटून तो कात्री शोधायला उठतो. शेजारी १६ केबी मेमरीचा डबा, मागे चिकटवायचा, फोटोत कसा घट्ट बसलेला दिसतो! प्रत्यक्षात तो डगमगायचा, टेबलाला धक्का लागला की दोन तास टाइप केलेला प्रोग्राम गेला. लोक मळलेल्या कणकेसारखा तो निळा चिकट पुट्टी असतो ना, ब्लू टॅक, तो लावून डबा धरून ठेवायचे.

आणि मग कूपन. नग किती, वस्तू कोणती, कोड, किंमत, एकूण, खाली नाव-पत्ता, पाकिटाला तिकीट लावायचं नाही, ते कंपनीच्या खर्चाने. १४ दिवसांत नाही आवडलं तर पैसे परत. आणि बारीक अक्षरात, पोचायला २८ दिवसांपर्यंत वेळ द्यावा. आता आपल्याकडे मासिकातून मागवायचो ते व्हीपीपीने, पोस्टमन दारात पार्सल घेऊन उभा आणि मग आपण पैसे मोजणार. इथे उलटं. चेक आधी, माल नंतर. मधल्या दिवसांत तुमचा पैसा कुठे असतो? कंपनीकडे. एक चेक म्हणजे काही नाही, पण हजारो चेक आले की कारखान्याचं बिल भागतं. मला वाटतं लोक सिंक्लेअरच्या मशीनचं कौतुक करत बसतात, पण त्याचं खरं इंजिनिअरिंग या कूपनमध्ये आहे. ते दुकान होतं आणि बँकपण होती, आणि बँकेला व्याज द्यावं लागत नव्हतं.

यात एकच अडचण, २८ चे २८ च राहिले पाहिजेत. एप्रिल ८२ मध्ये त्याचा पुढचा कॉम्प्युटर, स्पेक्ट्रम आला, १२५ आणि १७५ पौंडांना, ऑर्डरींचा ढीग लागला आणि लोक महिनोन्‌महिने दाराकडे डोळे लावून बसले. त्याच वेळी घोषणा झालेला मायक्रोड्राइव्ह, म्हणजे प्रोग्राम साठवायचा डबा, लोकांना मिळायला जुलै ८३ उजाडलं. आणि जानेवारी ८४ ला क्यूएल हा आणखी एक कॉम्प्युटर, ३९९ पौंड, पुन्हा २८ दिवसांचा वायदा, आणि मशीन पुरतं तयारच नाही! पहिले नग एप्रिलच्या शेवटी गेले, त्यातही सॉफ्टवेअर आतल्या चिपमध्ये मावेना म्हणून मागे एक तुकडा लटकवलेला. टीकेची झोड उठल्यावर लोकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची वेळ आली. बँक बंद, थोडक्यात.

त्याच वर्षी डिसेंबरात प्रतिस्पर्धी कॉम्प्युटर कंपनी एकॉर्नने पेपरात जाहिरात दिली, स्पेक्ट्रम किती बिघडून परत येतात असं खोचक विचारणारी. एकॉर्नचा ख्रिस करी हा पूर्वी सिंक्लेअरचाच माणूस. केंब्रिजच्या बॅरन ऑफ बीफ नावाच्या पबमध्ये दोघांची गाठ पडली आणि सिंक्लेअरने गुंडाळलेल्या पेपरने त्याला बडवलं. आयुष्यभर छापील कागदावर धंदा केलेल्या माणसाने हत्यारही तेच निवडलं, असं मी गमतीत म्हणतो.

आपल्याकडेही ८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला होता, कुणाच्या माळ्यावर असेल तर मला नक्की सांगा.

असो, मासिक पुढे फिरवतो. कूपन कापणाऱ्याने मागचं पान बघितलंच नव्हतं, मागे एक प्रोग्राम छापलाय आणि त्याच्या ११० ते १८० या ओळी गेल्यात कूपनबरोबर. जपून धरा, पिना गंजल्यात आणि ते पान सुटायला आलंय.