पावणेसोळा हजार: पेढीवरचा मोबाइल मदतनीस आणि लांबचा सौदा

(सांगलीत हळदीच्या पेढ्यांवरील दिवाणजी व कारकुनांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पेढीवर दिवसभर आकडे तोंडाने फिरतात. दर तोंडी, पोती तोंडी, परगावच्या खरेदीदाराला फोनवरून सांगणंही तोंडीच. कागदावर ते उतरतात सगळ्यात शेवटी, हिशेबपट्टीत. बोललेलं लिहून देणारा मदतनीस आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आलाय. तुम्ही मराठीत बोला, तो टाइप करतो. पाच मिनिटांच्या व्हॉइस मेसेजचा चार ओळींत सारांश देतो. दिल्लीच्या व्यापाऱ्याला हिंदीत, दुबईच्या आयातदाराला इंग्रजीत पत्र लिहून देतो. ही कामं त्याच्याकडून जरूर करून घ्या, दिवाणजींचा वेळ वाचतो. मला आज बोलायचंय ते त्याच्या भरवशावर काय सोडायचं नाही, याबद्दल.

सगळ्यात आधी दर. आपण ‘पंधरा हजार सातशे पन्नास’ म्हणत नाही, ‘पावणेसोळा हजार’ म्हणतो. मागे हमालांचा आवाज, तोलकाट्यावर गडबड, आणि त्यात ‘पावणे’ हे अक्षर अर्धवट बोललेलं. यंत्राच्या कानातून ते निसटलं की उरतात ‘सोळा हजार’. क्विंटलमागे २५० रुपयांचा फरक. माल ४० क्विंटल असेल तर पट्टी थेट १०,००० रुपयांनी चुकली. सव्वा, साडे, दीड, अडीच या सगळ्यांचं हेच. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एक्याऐंशी’ तर माणसालाही फोनवर दोनदा विचारावे लागतात. म्हणून मोबाइलला दर सांगायचा तो सुटा सुटा: एक, पाच, सात, पाच, शून्य. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, स्पीकर बंद. लिहून आलेला आकडा मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याकडून ‘हो’ घ्यायचं. यात दहा सेकंद जातात, पण ती वाचवू नका.

दुसरी चूक वेगळ्या जातीची आहे आणि जास्त घातक आहे. सारांश काढणारा मदतनीस पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजावर वाक्य रचतो. मेसेजमध्ये पोत्यांची संख्या सांगायची राहिली असेल, तर ती तो कधी कधी स्वतःच भरतो, आणि वाक्य इतकं साफ असतं की शंका येत नाही. त्याला सूचना अशी द्या: ‘खालच्या मजकुरात आहे तेवढंच घे. शेतकरी, गाव, माल, पोती, वजन, दर असे रकाने कर. जे सांगितलेलं नाही तिथे “नमूद नाही” लिही. बेरीज-गुणाकार करू नकोस.’ या सूचनेने चुका कमी होतात, संपत नाहीत, म्हणून मूळ मेसेज पुसायचा नाही. हमाली, तोलाई, आडत (म्हणजे दलाली) यांचा हिशेब एक्सेलमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या हिशेबाच्या प्रणालीतच करायचा.

पासबुकाच्या फोटोवरून बँकेचा तपशील काढताना एक खूण लक्षात ठेवा. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ आला तर वाचन चुकलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. मात्र असे फोटो कुठल्याही फुकट सेवेत टाकू नका. शेतकऱ्याने पासबुक तुमच्या हातात दिलंय ते पैसे जमा होण्यासाठी.

आता लांबून माल दाखवण्याबद्दल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे लांबचा गिऱ्हाईक नावावर विश्वास ठेवतो. पण व्हिडिओ कॉलवर आपण त्याला नेमकं काय दाखवतो? चौकटभर पिवळा रंग आला की मोबाइलचा कॅमेरा समजतो की उजेडच पिवळा आहे, आणि तो रंग आपणहून निळ्याकडे ओढतो. चांगली हळद फिकी दिसते. यासाठी पोत्यातली पसाभर हळद कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, दारातल्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नव्हे. कागदाचा भाग चौकटीत राहू द्या.

याहून मोठी गंमत आवाजाची आहे. वाळलेलं हळकुंड मोडलं की खणकन वाजतं. ओलसर असेल तर ते वाकतं, बद्द आवाज येतो. जाणकार खरेदीदार कॉलवर म्हणतो, ‘मोडून दाखवा.’ तुम्ही मोडता, आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. कारण कॉलमध्ये बाजूचा गोंगाट गाळणारी यंत्रणा चालू असते. माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा आणि टकटक, खणखण काढून टाकायची हे तिचं काम, आणि आपल्याला हवा असलेला आवाज नेमका त्यातच जातो! त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यात साधा व्हिडिओ घ्या. मोबाइल हातभर अंतरावर ठेवा, तीन वेगवेगळ्या पोत्यांतली हळकुंडं मोडा, मोडलेल्या तोंडाचा रंग जवळून दाखवा, आणि फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबून लहान होत नाही. तरीही ओलाव्याचा टक्का मीटरशिवाय आणि कुरक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. व्हिडिओवर सौदा पक्का करणाऱ्याला नमुना पाठवायचाच.

राहिला ग्रुप. दिवाणजी मिरजेत घरी बसून पट्ट्या करतो, मालक पेढीवर, खरेदीदार आणखी तिसरीकडे. सगळे एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि त्याच ग्रुपवर सुप्रभात. सौद्यांचा ग्रुप वेगळा करा आणि तिथे सौद्याशिवाय काही टाकू नका. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. ‘संपादित’ एवढी बारीक खूण दिसते, पण दिवाणजीने पहिला दर आधीच वहीत उतरवलेला असतो. दर चुकला तर जुना मेसेज तसाच ठेवायचा, त्यालाच उत्तर म्हणून नवा लिहायचा: ‘दुरुस्ती, १५,७५० वाचावे.’ दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तेव्हा तिकडे कॉलची वेळ कळवताना ‘भारतीय वेळ ११’ असं लिहा. नुसतं ‘११’ लिहिलंत तर तो माणूस आपल्या साडेबाराला फोन लावतो, आणि तोवर लिलाव पुढच्या ढिगावर गेलेला असतो.