वारा सरला का?

(दृश्य: सकाळचा वॉर्ड. खिडकीबाहेर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा हॉर्न. खाटेवर सत्तरीतली एक बाई, उशाशी स्टीलचा तांब्या.)

आत्याच्या पोटावर पाच पट्ट्या चिकटवल्या आहेत. चार अगदी पेराएवढ्या. पाचवी बेंबीजवळ, बोटभर लांब. आतड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले. डॉक्टर येतात, पट्ट्यांकडे धड पाहतही नाहीत, आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "काकी, वारा सरला का?"

आत्या तोंडाला पदर लावते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरी गावात तिचा जन्म गेला. चारचौघांत, तेही पुरुषाने, असं कधी कुणी विचारलेलं नाही. पण इथे सगळी मंडळी या एका बातमीसाठी खोळंबलेली. आतड्याला हात लावला की ते रुसून बसतं, हालचालच थांबवतं. तेव्हा वारा सरणं म्हणजे आतडं पुन्हा कामावर आल्याची पहिली वर्दी.

आत्याचं दुखणं आम्हाला कळायलाच सहा महिने लागले. पोटात दुखत नव्हतं. फक्त दम लागायचा, विहिरीवरून कळशी आणताना दोनदा टेकायला व्हायचं. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा कुणीतरी विचारलं, की हे रक्त जातंय तरी कुठे? मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग असाच लबाड असतो. तिथे आतडं रुंद, आतला मळ पातळ, त्यामुळे वाट सहसा लवकर अडत नाही. थेंब थेंब रक्त आत झिरपत राहतं, डोळ्यांना दिसतही नाही. दुर्बीण घालून आतडं आतून तपासलं आणि गाठ सापडली.

"दोतोर, बिनटाक्याचं करणार ना?" आत्याने विचारलं.

"टाके असतात, काकी. थोडे असतात."

हे 'बिनटाक्याचं', म्हणजे मोठी चीर न घेता बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन आतड्यावर पहिल्यांदा झालं 1990 मध्ये, अमेरिकेत, मायामीला. पित्ताशय दुर्बिणीतून काढायला तोवर शल्यचिकित्सक सरावू लागले होते. पण पित्ताशय ही एक पिशवी. देठ बांधला, कापला, बाहेर ओढली. आतड्याचं तसं नाही. त्याला रक्त पुरवणारी झालर मुळापासून सोडवायची, त्यातल्या लसिका ग्रंथींसकट, म्हणजे रोग जिथे पसरू शकतो त्या बारीक गाठींसकट, तुकडा काढायचा आणि उरलेली दोन टोकं पुन्हा अशी जोडायची की थेंबही गळू नये.

आणि मग 1994 साली एक बातमी आली, सगळ्यांचे हात थांबवणारी. एका छोट्या अहवालात 14 रुग्ण होते. त्यातल्या तिघांना, दुर्बीण ज्या भोकांतून घातली होती तिथेच, कातडीखाली कर्करोग उगवला. चौदात तीन! बारीक छिद्रांतून आपण रोगाचं बी तर पेरत नाही ना, या एका शंकेने कित्येक ठिकाणी हे काम बंद पडलं किंवा फक्त अभ्यासापुरतं उरलं.

(दृश्य: ऑपरेशनचं चित्रण. पिवळी चरबी, तिच्याखाली जांभळट शीर, चिमट्याचं टोक.)

हे आत्याचं पोट. बेंबीजवळून कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखं फुगवलेलं. वायूचा दाब पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. ही शीर दिसते ना, हिच्या मुळाशी आधी क्लिप लागेल. कॅमेरा धरणारी निवासी डॉक्टर मुलगी श्वास रोखून उभी आहे, तिचा हात हलला तर सगळ्यांचं जग हलतं.

असंच न कापलेलं, न सजवलेलं चित्रण एका मोठ्या अमेरिकी संशोधनात शल्यचिकित्सकांकडून मागून घेतलं होतं. त्या अभ्यासाची ही अट मला सगळ्यात आवडली. भाग घ्यायचा तर किमान 20 दुर्बिणीच्या आतडे-शस्त्रक्रिया पदरी हव्यात, आणि एकाचं अखंड चित्रण परीक्षकांना दाखवायचं. मग रुग्ण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, दुर्बीण की मोठी चीर. 48 संस्था, 872 रुग्ण. निकाल 2004 मध्ये आला. तीन वर्षांत रोग उलटला तो दुर्बिणीच्या गटात 16 टक्क्यांना, चीर घेतलेल्या गटात 18 टक्क्यांना. म्हणजे फरक नाही असंच धरायचं. आणि जखमेच्या जागी कर्करोग? दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. त्या चौदातल्या तिघांचं भूत अखेर उतरलं.

पण त्याच अभ्यासातले आणखी दोन आकडे जाहिरातीत कुणी छापत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन चाललं 150 मिनिटं, चिरीचं 95. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना विचारा, ती 55 मिनिटं किती लांब असतात. दुसरा आकडा इस्पितळातल्या मुक्कामाचा. चीर घेतलेल्यांना 6 दिवस, दुर्बिणीवाल्यांना 5.

एक दिवस? एवढा सगळा खटाटोप एका दिवसासाठी? मीही डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांनी उत्तर नंतर दिलं, आपणही नंतरच पाहू.

ब्रिटनमध्ये त्याच सुमारास 794 रुग्णांवर अभ्यास झाला. तिथे दुर्बिणीने सुरू केलेल्या ऑपरेशनपैकी 29 टक्के मध्येच सोडून पोट उघडावं लागलं. पहिल्या वर्षी हे प्रमाण 38 टक्के होतं, सहाव्या वर्षी 16. रुग्ण तसेच, आजार तोच. बदलला तो हात. म्हणून संमतीपत्रावर सही करताना 'गरज पडल्यास पोट उघडावे लागेल' ही ओळ घाईने ओलांडू नका. आत्याने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आत्याची गाठ उजवीकडे होती, हे तिचं नशीब. हीच गाठ खाली गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात असती तर गोष्ट अवघड झाली असती. तिथे ओटीपोटाच्या हाडांचा अरुंद माठ, आणि त्या माठात हात घालून काम. गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं. ते न फाडता, अख्खं, पाकिटासारखं बाहेर काढायचं, हे ब्रिटिश शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलं आणि गुदाशयाच्या कर्करोगाचं गणित बदललं. दुर्बिणीतून ते पाकीट तसंच अखंड निघतं का? 2015 या एकाच वर्षात याची दोन उलटसुलट उत्तरं आली. मुख्यतः युरोपातल्या हजाराहून अधिक रुग्णांत तीन वर्षांनी त्याच भागात रोग परतण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत 5 टक्के निघालं. तर अमेरिकेतल्या अभ्यासात समाधानकारक काढणी झाली दुर्बिणीने 81.7 टक्के आणि चिरीने 86.9 टक्के. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 82 आणि 89. दुर्बीण कमी पडत नाही, असं या दोन अभ्यासांना छातीठोकपणे सांगता आलं नाही. पुढे रुग्णांवर लक्ष ठेवलं तेव्हा जगण्यात ठळक फरक दिसला नाही, हे खरं. तरी गुदाशयाचं नाव निघालं की डॉक्टरांचा आवाज अजून थोडा जपून येतो.

डॉक्टरने चालवलेल्या रोबोच्या हातांचं विचाराल, तर 2017 मध्ये गुदाशयाच्याच 471 रुग्णांचा निकाल आला. पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोने 8.1 टक्के, साध्या दुर्बिणीने 12.2, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो असा शेरा. अलीकडे चीनमधल्या 11 इस्पितळांच्या मोठ्या अभ्यासात मात्र गुदाशयासाठी रोबो सरस ठरला. तीन वर्षांत त्याच भागात रोग परतला तो रोबोच्या गटात 1.6 टक्क्यांना, साध्या दुर्बिणीत 4 टक्क्यांना. तिथले हात फार सरावाचे होते, हेही लक्षात ठेवायचं.

(दृश्य: आत्या वॉर्डात चालते आहे. एका हातात सलाइनची बाटली लटकवलेला स्टँड, दुसरा हात भिंतीला.)

आता तो एक दिवस. ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी आत्याने तक्रार केली ती पोटाची नव्हे. "पोट राहू दे बाबा, खांदा का दुखतोय माझा?" पोटात भरलेल्या वायूने छाती आणि पोटामधल्या पडद्याची नस डिवचली जाते आणि कळ खांद्यात उमटते, हे ऐकून तिचा विश्वास बसला नाही. त्याच सकाळी तिला खाटेवरून उतरवून चालवलं. ऑपरेशनच्या आदल्या मध्यरात्रीपासून कोरडं उपाशी ठेवण्याची जुनी रीतही तिच्या वाट्याला आली नव्हती. दोन तास आधीपर्यंत पाणी मिळालं. नाकात नळी नाही. संध्याकाळी उकड्या तांदळाच्या पेजेचं निवळ, दुसऱ्या दिवशी पेज. आमच्या घरातल्या जुन्या बायकांना हे अघोरी वाटलं. पोट कापलंय आणि पेज?

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात ही वहिवाट मोडली. लवकर खायला द्या, लवकर चालवा, गुंगीची वेदनाशामकं कमीत कमी द्या. नेदरलँड्समध्ये 9 इस्पितळांतल्या 400 रुग्णांची मग चार गटांत वाटणी केली. मोठी चीर घेतलेल्यांचा मुक्काम 7 दिवस, मग शुश्रूषा जुनी असो वा नवी. दुर्बीण आणि जुनी शुश्रूषा, 6. दुर्बीण आणि ही नवी शुश्रूषा एकत्र, तर 5. डॉक्टरांचं उत्तर हे होतं. चीर लहान केली आणि माणसाला तसंच आडवं, उपाशी ठेवलं तर अर्धा फायदा वाया.

यात एक गंमतही आहे. जर्मनीत हायडेलबर्गला 80 रुग्णांपैकी काहींना कॉफी दिली, काहींना कोमट पाणी. कॉफीवाल्यांचं पोट सुमारे 60 तासांत साफ झालं, पाणीवाल्यांचं 74. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग चहा द्या."

खर्चाचं एवढंच. 2016 पासून गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाखांचं संरक्षण. पण आतडं कापून जोडणाऱ्या स्टेपलरच्या एकेका कार्ट्रिजचा हिशेब ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या.

(दृश्य: चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधीचा केरीतला ओटा. गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायच्या फळांचा ढीग.)

दोन आठवड्यांनी शेजारणी आल्या. आत्याने पदर सरकवून पोटावरचे बारीक वण दाखवले आणि वाहवा मिळवली. त्याच आठवड्यात तपासणीचा कागद आला. काढलेल्या तुकड्यात किमान 12 लसिका ग्रंथी तपासायला मिळाव्यात अशी रीत आहे. कमी मिळाल्या तर रोग कुठवर गेलाय ते नीट कळत नाही. आत्याच्या कागदावर लिहिलं होतं, ग्रंथी 18, बाधित 0.

"अठरा?" आत्या डॉक्टरांना म्हणाली. "तुम्ही तर एकच गाठ म्हणाला होता."

डॉक्टरांनी समजावलं. या आजाराच्या गाठी नव्हेत, या सगळ्यांच्या अंगात असतात, आणि जितक्या जास्त मिळतील तितकं बरं.

"मग सगळ्याच का नाही काढल्या?"

डॉक्टर हसले आणि फाइलवर पुढच्या तपासणीची तारीख लिहू लागले.