रोलबॅक कोणी सांगायचा?

नागपूरच्या गायत्रीनगर आयटी पार्कमधील या खोलीत सर्व्हरचा लॉग पडद्यावर सरकतो आहे. शिकाऊ अभियंत्यांनी कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावावर बेतलेली एक एंटरप्राइझ जावा बीन (ईजेबी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा जावा घटक) सरावासाठी लिहिली आहे. खरेदीदाराने पतमर्यादेबाहेर बोली लावली की ही बीन एक चेक्ड एक्सेप्शन (कोडमध्ये आधीच जाहीर करावी लागणारी चूक-सूचना) फेकते. कंटेनर (बीन चालवणारी सर्व्हरमधली यंत्रणा) त्याला अॅप्लिकेशन एक्सेप्शन, म्हणजे व्यवहाराच्या नियमातून आलेला नकार मानतो, क्लायंटकडे (बीनला हाक देणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जसेच्या तसे पोहोचवतो आणि बीनच्या इन्स्टन्सला (चालू प्रतीला) हात लावत नाही.

आता डेटाबेस मुद्दाम बंद केला आहे. कोड एसक्यूएल एक्सेप्शन (डेटाबेसकडून आलेली चूक) पकडतो आणि ईजेबी एक्सेप्शनमध्ये गुंडाळून पुन्हा फेकतो. हे रनटाइम एक्सेप्शनच्या कुळातले, म्हणून सिस्टम एक्सेप्शन, म्हणजे यंत्रणेतला बिघाड. लॉगमध्ये लांबलचक स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठून कुठे आली याची यादी) उमटला, त्याच्या तळाशी ‘कॉज्ड बाय’ ही मूळ कारणाची ओळ आली. दरम्यान कंटेनरने ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडायच्या नोंदींचा गट) रोलबॅक केले, म्हणजे मागे घेतले, आणि तो इन्स्टन्स टाकून दिला. बीन स्टेटलेस (दोन कॉलमध्ये माहिती न साठवणारी) असल्याने पुढच्या कॉलला दुसरा इन्स्टन्स मिळेल. स्टेटफुल असती, तर तिने साठवलेली स्थितीही गेली असती. सिंगलटन (एकच प्रत असलेल्या) बीनचा इन्स्टन्स मात्र असा टाकून दिला जात नाही.

इथवर सारे सुरळीत वाटते, पण खरी मेख पहिल्या प्रयोगात आहे. डेटाबेस पुन्हा सुरू करून उघडलेला हा बोलींचा तक्ता पाहा: मर्यादेबाहेरची म्हणून नाकारलेली बोली शेवटच्या ओळीत तशीच बसलेली आहे. मेथडने आधी नोंद घातली, मग मर्यादा तपासली; आणि अॅप्लिकेशन एक्सेप्शन आले म्हणून कंटेनर आपण होऊन रोलबॅक करत नसल्याने ट्रान्झॅक्शन निमूटपणे कमिट (कायम) झाले. क्लायंटला नकार कळला, हिशेबात मात्र बोली चढली.

उपाय दोन आहेत. एक्सेप्शन फेकण्यापूर्वी कंटेनरने दिलेल्या कॉन्टेक्स्टवर ‘सेट रोलबॅक ओन्ली’ (आता फक्त रोलबॅकच कर) बोलावता येते, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावे लागते. त्यापेक्षा २००६ च्या ईजेबी ३.० मध्ये आलेले अॅप्लिकेशन एक्सेप्शनचे अॅनोटेशन (कोडला जोडायची खूण) एक्सेप्शनच्या क्लासवरच लावून त्यात ‘रोलबॅक’ची किंमत ‘ट्रू’ द्यावी, हे बरे; न दिल्यास ती ‘फॉल्स’ धरली जाते. हेच अॅनोटेशन रनटाइम एक्सेप्शनलाही अॅप्लिकेशन एक्सेप्शन ठरवू शकते, आणि २००९ च्या ईजेबी ३.१ पासून उपवर्गांनी हा गुण घ्यावा की नाही, हेही त्यात सांगता येते. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ने (एंटरप्राइझ जावाच्या नव्या नावाच्या आवृत्तीने) पॅकेजचे ‘जावाएक्स’ हे नाव बदलून ‘जकार्ता’ केले. हे नियम तसेच राहिले.

एक्सेप्शनच्या क्लासवर हे अॅनोटेशन ‘ट्रू’सह लावून तीच बोली पुन्हा लावली आहे. क्लायंटला पूर्वीचेच एक्सेप्शन मिळते; तक्त्यात नवी ओळ येत नाही.