प्लेटलेट्स गेल्या कुठं?

श्रोतेहो, नमस्कार. तालमीत कोपर खरचटले की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. या सगळ्याला मिळून दाह म्हणतात. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी धावून येतात हे आपण शाळेत शिकलो, प्लेटलेट्स रक्त गोठवतात हेही सर्वांना ठाऊक आहे. मात्र वाहत्या पांढऱ्या पेशीला थांबण्याची जागा दाखवण्यात प्लेटलेट्सचा मोठा वाटा असतो, हे फारसे कुणाच्या कानावर आलेले नसते.

इटलीतील तूरिन येथील ज्युलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि इजा झालेल्या जागी प्रथम प्लेटलेट्स चिकटतात, हे १८८२ साली नोंदवले. चिकटलेली प्लेटलेट सक्रिय झाली, की तिच्या आतल्या कणांत साठवलेले पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर येते आणि पांढऱ्या पेशीवरील प्रथिनाशी जुळते. मग वेगाने वाहणारी पांढरी पेशी अडखळते, मंदावते, घट्ट चिकटते आणि अखेर वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडते. पुन्हा सांगतो, जखमेच्या जागी आधी प्लेटलेट, मग पांढरी पेशी.

या दोघींचे चिकटणे मी एकदा एका वस्तादांना दाखवले होते, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय मला हा विषय पुढे नेता येत नाही. पावसाळ्याचे दिवस होते, कोल्हापुरात डेंगीची धास्ती होती. एक तरुण मल्ल, त्याची आई आणि वस्ताद असे तिघे दुसरीकडचा रिपोर्ट घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असायला हव्यात त्या प्लेटलेट्स रिपोर्टात २८,००० होत्या. मुलाचा ताप उतरलेला होता, हिरड्यांतून रक्त नव्हते, अंगावर लाल ठिपके नव्हते. आईने पिशवीतून पपईची पाने आणली होती. त्या रसावर माझा विश्वास नाही. पण समोरच्या माणसाकडे न पाहता ठळक छापलेल्या आकड्याला घाबरण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती मला पपईपेक्षा घातक वाटते. वस्तादांनी मात्र नेमका प्रश्न विचारला, "डॉक्टर, पोरगं दोन्ही वेळेला भाकरी खातंय, कुठं रक्ताचा थेंब नाही. मग ह्या पेशी गेल्या कुठं?"

मी जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त घ्यायच्या छोट्या नळीत, रक्त घेतले, काचपट्टीवर पसरवले, रंगवले आणि पाहिले. प्लेटलेट्स सगळ्या तिथेच होत्या, पण एकेका न्यूट्रोफिलभोवती, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीभोवती, कडे करून चिकटलेल्या होत्या. यंत्र सुट्या प्लेटलेट्स मोजते. चिकटलेल्या मोजणीत येतच नाहीत. वस्तादांनी डोळा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "एकाला एवढे जण बिलगल्यावर पंच तरी कुणाकुणाला मोजणार?" या प्रकाराचे कारण बल्बमध्ये असते. रक्त गोठू नये म्हणून त्यात ईडीटीए नावाचे रसायन घातलेले असते, आणि काही मोजक्या माणसांच्या रक्तातील प्रतिपिंडे ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेट्सना न्यूट्रोफिलला चिकटवतात. शरीरात तसे काही घडत नसते. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घेतले, त्यातील द्रवामुळे रक्त पातळ होते म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणले, आणि प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर निघाल्या. यंत्राने कमी आकडा दाखवला की काचपट्टी पाहिलीच पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

बल्बमधले चिकटणे निरुपद्रवी असते. शरीरातले नेहमीच तसे नसते. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जंतूंना अडकवणारे जाळे विणते, हे २००४ साली उजेडात आले, आणि सक्रिय प्लेटलेट्स त्याला हे जाळे टाकायला चिथावतात हे त्यानंतर दिसून आले. जंतू त्यात अडकतात हे खरे, पण तेच जाळे बारीक वाहिन्यांत पसरले तर रक्ताचा प्रवाह तुंबतो, गुठळ्या होतात आणि फुप्फुस, यकृत यांसारख्या अवयवांना इजा पोहोचते. रक्तात पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गात प्लेटलेट्स कमी होतात, त्यामागे हेही एक कारण असते, कारण त्या गुठळ्यांत खर्ची पडतात. अशा रुग्णाचे रक्त निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये घेतले तरी आकडा खालीच राहतो, आणि तेव्हा उपचार मुळात त्या जंतुसंसर्गावर करावे लागतात.