एक लिटर पेट्रोल, टँकरभर हवा

(दृश्य: फरशीवर आपटला जाणारा फिल्टर, जवळून)

हे खाली पडतंय ना, काळी माती, तुरीचा भुसा, आणि तो बघा एक अख्खा वाळलेला नाकतोडा, हे सगळं एका गाडीच्या एअर फिल्टरमधून निघालंय. जालना-अंबड रोडवरचं गॅरेज हाय हे. गाडी रोज शेतातल्या कच्च्या रस्त्यानं जाते, मळणीच्या दिवसात तर बोलायलाच नको. मालकाची तक्रार एकच, पिकअप नाय राहिला.

आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते, पैसे पण पेट्रोलचेच जातात म्हणून तसं वाटतंय, पण खुराक बघितला तर गाडी हवाच जास्त खाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एक लिटर पेट्रोलला साधारण 9000 लिटर. आता 9000 लिटर म्हणजे किती हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाय, मे महिन्यात गावात येणारा टँकर डोळ्यापुढं आणा. तेवढी हवा. एका लिटरला.

(दृश्य: बोनेटखाली गॅरेजच्या उस्तादांचा, म्हणजे मुख्य मेकॅनिकचा हात)

उस्तादांचं बोट जिथनं सुरू झालं तिथं, हेडलाईटच्या मागं, हवेचं तोंड असतंय. इंजिनची गरम हवा नको म्हणून ते असं पुढं आणि वर दिलेलं असतंय, कारण हवा तापली की पातळ होते. 25 डिग्रीची हवा 42 वर गेली की तेवढ्याच जागेत साधारण 5 टक्के कमी हवा बसते, म्हणजे उन्हाळ्यात गाडी जड वाटते ते सगळंच एसीमुळं नसतंय. पाईपला मधी हा जो रिकामा डबा दिसतोय तो आवाज दाबायला हाय, काही पोरं बिनकामाचा म्हणून काढून टाकतात आणि मग गाडी घोरायला लागली की परत इथंच येतात.

मग फिल्टर. घड्या घातलेला कागद, घड्या यासाठी की छोट्या डब्यात जास्त कागद बसावा. आणि इथं एक गोष्ट लई जणांना माहीत नसते. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा बारीक गाळतो, साचलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. तरी आपल्याकडं सवय काय, पंक्चरच्या दुकानात गाडी थांबवायची, गनची हवा मारायची, फिल्टर साफ. पाचशे रुपये वाचवायला इंजिनाशी खेळ हाय हा. हवेच्या जोरानं कागद फाटतो आणि फाटलेलं वरनं दिसत नाय.

(दृश्य: अंधारात फिल्टरच्या आत पेटलेला बल्ब)

आता दिसलं? घडीच्या मुळाशी तो पांढरा ठिपका, तिथनं धूळ सरळ आत. धुळीत बारीक वाळू असते, ती गेली की पिस्टनच्या रिंगा घासतात, गाडी ऑइल खायला लागते, इंजिनाचं काम निघतं.

फिल्टरच्या पुढं काही गाड्यांत एक तापवलेली तार असते, केसाएवढी. येणारी हवा तिला गार करते, ती तेवढीच गरम ठेवायला जेवढा करंट जास्त लागला त्यावरनं ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं हवा किती आली, आणि तो त्या हिशोबानं पेट्रोल सोडतो. काही गाड्यांत तार नसते, मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतात. म्हणूनच फिल्टर चोंदला की इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ॲव्हरेजच्या आधी पिकअप मार खातो, हवा कमी तर पेट्रोल पण कमी. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला हा हिशोब जमायचा नाय, ती बिचारी काळा धूर सोडायची.

(दृश्य: थ्रॉटल बॉडी, एक्सिलेटर दाबताना)

आणि हे बघण्यासारखं हाय. धातूची गोल चकती, बटरफ्लाय. पेट्रोल गाडीत एक्सिलेटर दाबला की आधी ही चकती उघडते. आपण समजतो पाय पेट्रोलच्या तोटीवर हाय, खरं तर तो हवेच्या दारावर असतो. (डिझेलचं वेगळं, तिथं डिझेलच कमी-जास्त होतं.) गाडी उभी असली की दार जवळपास बंद, आत पिस्टन ओढत असतो म्हणून दाब पडतो, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेकला जी मदत मिळते ती याच ओढीची. इंजिन बंद करून दोनचार वेळा ब्रेक दाबा, दगडासारखा होतो का नाय बघा.

पुढं मॅनिफोल्ड, प्रत्येक सिलेंडरला आपापली नळी, मग व्हॉल्व्ह. ही गाडी 1.2 लिटरची, चार सिलेंडर, म्हणजे एका दमात एक सिलेंडर साधारण 300 मिली ओढतो. 3000 आरपीएमला दार पूर्ण उघडं असेल तर मिनिटाला 1800 लिटरच्या आसपास, दारात भरून ठेवतो ती 200 लिटरची नऊ पिंपं. आणि हे सगळं त्या हातभर कागदातनं गाळून.

(दृश्य: नवा फिल्टर बसतो)

रबराची कड नीट बसली का हे उस्ताद बोट फिरवून बघतात, मग क्लिपा. मालक विचारतो, जुना ठेवू का, वेळेला कामी येईल. उस्ताद काही बोलत नाहीत, बल्ब परत पेटवून फिल्टर त्याच्या हातात देतात.

पोऱ्यानं डब्यावर मार्करनं गाडीचे किलोमीटर लिहिले, 68,412. पुढची गाडी आत घेतली.